हात मागे बांधून

आई, शुक्रवारपर्यंत एक फॉर्म भरून द्यायचा आहे आणि त्यातला एकच रकाना अडलाय, म्हणून तुला लिहायला बसलोय. एमसीएचं तिसरं सेमिस्टर मी मध्येच सोडलं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. परत घेतात, पण अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात विचारलंय, पढ़ाई बीच में छोड़ने का कारण. दोन ओळींची जागा आहे. बाकी सगळं भरून झालं, फोटो चिकटवून झाला, ह्या दोन ओळींपाशी तीन दिवस पेन थांबलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, दोन ओळी पुष्कळ झाल्या, खरं सांगायचं तर तेवढ्यात मावतं. किंवा नसतीसही म्हणाली. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तुझं बोलणं कुठलं आणि मी तुझ्या तोंडी घातलेलं कुठलं, हे आता मला नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की आठवते, तिच्यात माझी भर नाही. शिंदे की छावनीतल्या आपल्या घराची पुढची खोली आणि तिच्यातला तुझा कॉम्प्युटर क्लास. मला कडेवर घेऊन तू पीजीडीसीएचा कॉम्प्युटर डिप्लोमा केलास असं बाबा सांगतात, आणि मग दोन मशीन आणून ठेवलीस, एक चालायचं, एक रुसायचं. मी शाळेतून येतो तेव्हा तू कुणाच्या तरी खुर्चीमागे उभी असतेस, पदर खोचलेला, दोन्ही हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. समोरची बाई दहा मिनिटं चुकीच्या जागी बटण शोधतेय. मला दारातूनच दिसतंय, तुला तर दिसतंयच. तू वाकतेस, बघतेस, "वरून तिसरी ओळ परत वाचा हं," एवढंच म्हणतेस. माउसला हात लावत नाहीस. कधीच लावला नाहीस. मला वाटायचं, आईला कंटाळा येतो.

मी नऊ वर्षांचा असेन. समोरच्या काकू त्या मशीनवर बसल्या होत्या, दोन दिवस त्यांचा एक तक्ता काही केल्या जमत नव्हता. मी दप्तर टाकलं, "काकू, सरका जरा" म्हणालो आणि टकाटक करून टाकला. काकू खूश. "अगं, मुलगा हुशार आहे हो तुझा!" तू हसली नाहीस. "मिटव सगळं," म्हणालीस. मी म्हटलं, "पण बरोबर आहे ना!" "बरोबर आहे म्हणूनच मिटव. त्यांना सापडत आलं होतं, ते तू खाऊन टाकलंस. काकूंना सॉरी म्हण, आणि हात मागे घेऊन उभा राहा." क्लास सुटेपर्यंत मी तसाच उभा, कान तापलेले. सुटल्यावर दप्तराला लाथ मारली, ती भिंतीवर बसली आणि अंगठ्याचं नख काळंनिळं. संध्याकाळी बाबा नखावर हळद लावता लावता म्हणाले, "शिंद्यांची फौज गेली, पण एक तोफ आपल्याच घरात राहून गेली बुवा." तेव्हा तू हसलीस.

स्वयंपाकघरातही तुझं तेच. मी हौसेनं पोळी लाटायला घ्यायचो, ती कुठल्या कुठे जायची, आणि तू शेजारी हात मागे बांधून. शेवटी ती भाजून तूच खायचीस, "ही तुझी आहे, मला पाहिजे" म्हणून. दहाव्या वाढदिवसाला तू मला कीबोर्ड दिलास, कशालाच न जोडलेला. मी विचारलं, "ह्याचं मशीन कुठंय?" तर म्हणे, "आधी बोटांना रस्ते कळू देत." वायर गुंडाळून मी तो मांडीवर घेऊन बसायचो आणि काहीच उमटत नसताना टाइप करायचो. अजून आहे तो माझ्याकडे. अक्षरं पुसली गेलीत.

आता वर्गातल्या तिच्याबद्दल. तुला सांगायला लाजायचं काय! एमसीएच्या पहिल्याच महिन्यात मी गेलो कामातून. ती हजीऱ्याहून शेअरच्या टेम्पोनं यायची, दोनदा बदलून, आणि तिचा प्रोजेक्टही त्या टेम्पोंवरच होता. तुम्ही उभे कुठे, जायचं कुठे, तर कुठला टेम्पो धरायचा आणि कुठे बदलायचा, हे मोबाइलवर सांगायचं. त्यासाठी ती तीन महिने टेम्पोत बसून फिरली, वही भरली. मी बाइकवाला. मला ते सगळं गोड वाटायचं, आणि खरं सांगतो, थोडं बावळटही. तिचा कोड साधा, सरळ, लांबलचक. माझा मनातल्या मनात फार वरचा. तिसऱ्या सेमिस्टरच्या व्हायव्हाच्या दिवशी दुपारी ती फाइल बांधून आणायला खाली गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे देऊन गेली. "ध्यान रखना, कोई हाथ न लगाए."

मी लावला. तिनं प्रत्येक रस्ता दोनदा लिहिला होता, जायचा एकदा, यायचा एकदा. मला वाटलं, बिचारीला कळलं नाही, एकदा लिहिलं की दोन्हीकडून चालतं. अर्ध्या नोंदी पुसल्या, शोधायची पद्धत बदलली, वीस मिनिटांत सगळं चकाचक. तिला सांगायचंही नाही असं ठरवलं. परीक्षक वाहवा करतील, मग ती माझ्याकडे बघेल, मग मी काय करीन, इथपर्यंत ठरलं होतं.

परीक्षक दुसऱ्या कॉलेजचे, पण राहायला इथल्याच मुरारला. त्यांनी स्वतःच्या घरापासून बाड्याच्या चौकापर्यंतचा रस्ता विचारला, ठीक आला. मग परतीचा विचारला. ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि हसायला लागले. "बेटा, ये तो वन-वे है। यहाँ से उल्टा टेम्पो कौन ले जाता है, हमें भी मिलवाओ!" मागच्या बाकावर पाळीची वाट बघणारेही हसले. परतीचे टेम्पो वेगळ्या गल्लीनं वळतात, हे गावातल्या कुठल्याही म्हातारीला माहीत आहे. मला नव्हतं. तिच्या वहीत होतं. परीक्षकांनी कोड उघडायला लावला, "ये लाइन क्यों लिखी?" ती त्या ओळीकडे बघत राहिली, जन्मात न पाहिलेल्या. मग मान वळवून माझ्याकडे. तिला कळलं, आई. आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. "सर, मुझसे गलती हुई," म्हणाली.

तेव्हा मी उठून उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, की हे माझं आहे. उठलोसुद्धा. पण तोंडातून भलतंच निघालं. "हँस क्या रहे हैं आप? तमीज़ नहीं है?" विभागप्रमुख मध्ये पडले तर त्यांनाही दोन सुनावले, फाइल टेबलावर आपटली, निघालो, आणि पुन्हा कॉलेजची पायरी चढलो नाही. सगळ्यांना सांगत सुटलो की तिचा अपमान झाला म्हणून मी सोडलं. ऐकायला किती छान! तिनं गेटपाशी गाठून विचारलं, "तुझसे किसने कहा था?" मी म्हटलं, तुझ्याचसाठी तर केलं. ती म्हणाली, "मेरे लिए नहीं, मुझसे पूछे बिना।" आणि टेम्पोत बसली. तिला दोन महिन्यांनी व्हायव्हा पुन्हा द्यावी लागली. घरी बाबांनी इतकंच विचारलं, "जेवलास का?" ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग पाटणकर बाजारातल्या एका सेंटरवर लागलो, शिकवायला. विषय ऐक, पीजीडीसीएच. हसू नकोस. बॅचमध्ये एक ताई आहेत, टोपी बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान, मुलं मोठी झाल्यावर शिकायला आल्या. गेल्या महिन्यात त्यांचा एक प्रोग्राम चालेना. मला लांबूनच कळलं, एक कंस बंद केलेला नाही. "सर जी, आप ही कर दो ना, मेरे बस का नहीं।" मी वाकलो, हात पुढे गेला, आणि का कोण जाणे, तो मी मागे नेला. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. म्हटलं, "चौथी लाइन फिर से पढ़िए।" किती अवघड असतं ग ते! अंगात नुसत्या मुंग्या. तू रोज चार-चार तास कशी उभी राहायचीस? ताईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकदम टेबलावर थाप मारली. "मिल गया! सर जी, मिल गया!" सगळी बॅच वळून बघायला लागली. त्यांचा चेहरा बघितला आणि मला व्हायव्हातला तिचा चेहरा आठवला. काय खाऊन टाकलं होतं मी, ते तेव्हा कळलं. कंटाळा नव्हता तो तुझा.

त्या रविवारी बाइक घरी ठेवली आणि दिवसभर टेम्पोनं फिरलो. बाडा, हजीरा, मुरार, जाताना एक, येताना दुसरा. शेजारच्या आजीबाईंच्या पिशवीतला मुळा सारखा माझ्या नाकात. घरी येऊन तिला मेसेज केला, वर्षानं पहिला. प्रेमाचं काही नाही. "तेरी नोटबुक सही थी। दोनों तरफ़ से बैठकर देख आया।" दोन दिवस काहीच नाही. मग आलं, "रीएडमिशन की लास्ट डेट अगले शुक्रवार है। आना हो तो सच लेके आना।" खाली अजून एक ओळ, "और टेम्पो से आना।" ही दुसरी ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नकोस.

आत्ता, हे लिहिता लिहिता, तो रकाना भरला. बिना पूछे सहपाठी का प्रोजेक्ट बदला, गलती मेरी थी। कबूल करने की जगह चिल्लाकर चला गया। दोन ओळींत बसलं. घेतील, न घेतील. विभागप्रमुख बोलतील चार शब्द, तेव्हा हात कुठे ठेवायचे ते मला माहीत आहे. ती हो म्हणेल की नाही, तेही तिचं तिला शोधू दे.

हे पत्र तुझ्या त्या कीबोर्डखाली ठेवीन, दुसरं कुठे टाकणार! पण एक राहिलं. हा माझा दुसरा फॉर्म आहे. पहिला मी सोमवारीच पूर्ण भरला होता, सहीसकट, आणि त्या रकान्यात लिहिलं होतं, माताजी का निधन. काउंटरपर्यंत नेलाही होता. खिडकीतल्या बाबूजींनी वाचलं, चष्मा काढला आणि इतक्या मायेनं विचारलं, "कब हुआ, बेटा?" अकरा वर्षं झाली, हे मला सांगता आलं नाही. फॉर्म परत घेतला आणि पायीच घरी आलो.