हिच्या सायकलची मोटर

२ नोव्हेंबर, रविवार

सायकल भाच्याला देऊन टाकणार म्हणे! चहा गाळता गाळता हिनं सांगितलं, जुनी बादली भंगारात द्यावी इतक्या सहज. "महिनाअखेर येईल तो न्यायला." भाचा म्हणजे हिच्या भावाचा मुलगा. त्याला फोन करूनही झाला होता.

तेवीस वर्षं ही दर रविवारी त्या सायकलवरून डोंगरावर गेली. सात किलोमीटरचा चढ, शेवटी पाण्याची टाकी आणि एक बाक. दहाला परत यायची, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, चेहरा लालबुंद, आणि मग दिवसभर घरात नुसती बडबड. मागल्या वर्षी न्यूमोनिया झाला. डावं फुप्फुस निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चालवा, चढ विसरा. हिनं सपाटीही सोडली. "चढ नाही तर सायकल कशाला?"

आता सायकल जिन्याखाली, वर जुनी चादर. आणि ही रविवारी खिडकीशी बसते, डोंगराकडे पाठ करून. मला बघवत नाही.

म्हणालो, "तीस तारखेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही."

"काय करणार आहात?"

"बघशील!"

अडतीस वर्षं लिफ्टचा मेकॅनिक होतो मी. माणसं वर नेली, कपाटं नेली, एकदा अख्खा पियानो नेला. एका बाईला एका डोंगरावर नेता येऊ नये? मोटरचं किट आजच मागवलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. विचारलं, बहुतेक भार मोटरनं उचलला तर? ते चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "नाडी एकशे वीसच्या आत राहणार असेल, तर जाऊ द्या."

लेखी घेतलं! तोंडी शब्दावर मी कधी लिफ्टसुद्धा चालू केली नाही.

घरी येऊन हिला चिठ्ठी दाखवली. वाचली. "मोटर लावून चढायचं म्हणजे लबाडी," म्हणाली. पण चिठ्ठी घडी घालून कपाटात ठेवली. फेकली नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

किट आलं. मोटर हातात घेतली आणि तबियत खूश झाली. नारळाएवढी, पण जड! बॅटरी, वायरींचा जुडगा, हँडलवर लावायचा छोटा पडदा, एक नवं दातेरी चक्र. सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं. ही म्हणाली, "आज जेवायचं कुठं?" जमिनीवर जेवलो.

नेमके तेव्हाच जावई टपकले. "बाबा, बॅटरीची सायकल तयार मिळते हो. कशाला उगाच खटाटोप?" म्हटलं, तयार जावई मिळाला तेवढं पुरे, बाकीचं मी घरी बनवतो. मुलगी सोबत आली असती तर माझ्यावर डोळे वटारले असते. जावई बिचारे हसले.

त्यांना काय सांगणार? चाकात बसवलेली मोटर चढावर धापा टाकते. ही मोटर मध्ये बसते, पॅडलच्या आसाच्या जागी, आणि सायकलचेच गिअर वापरते. हलका गिअर टाकला की भिंत चढेल! आणि मुख्य म्हणजे सायकल हिचीच राहते. तीच सीट, तेच हँडल, तोच डाव्या बाजूचा ओरखडा. हिला नवी सायकल नकोच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

पॅडलचा आस दोन वाट्यांमध्ये फिरतो. त्या दोन्ही काढल्याशिवाय मोटर बसत नाही. डावी निघाली. उजवी निघेना. दोन तास झटलो, पान्ह्याला पाइप लावून जोर केला. खांदा गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

उजवीकडचे आटे उलटे असतात!! सायकल उचलून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्यानं एक नजर टाकली. "काका, तुम्ही दोन तास घट्ट करत होता." चार माणसांसमोर! पण मग लांब दांड्याचा पान्हा मलाच दिला, म्हणाला, तुम्हीच काढा. कट्‌कन आवाज झाला आणि सुटली. त्या आवाजासारखं सुख नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बसली! आस आरपार गेला, केसाचीही फट नाही. मोटर स्वतःभोवती फिरू नये म्हणून दातेरी पट्टी, वर एक नट, त्यावर आणखी एक नट. बॅटरी बाटलीच्या जागी. वायरी अशा बांधल्या की शोधून सापडू नयेत. मागच्या चाकाच्या तारेला वेग मोजणारं लोहचुंबक. ब्रेकला स्विच: ब्रेक दाबला की मोटर तत्काळ बंद. सुरक्षेत मी हयगय करत नाही.

सायकल उलटी करून पॅडल हातानं फिरवलं. मोटर नुसती गुणगुणली. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, ओल्या हातांनी. चाक फिरताना बघत उभी राहिली. "आवाज फारसा नाही," म्हणाली.

दीड वर्षात पहिल्यांदा सायकलजवळ आली. मी वायरीची गाठ उगाचच पुन्हा मारली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोटरचं वागणं कॉम्प्युटरला जोडून ठरवता येतं. किती जोर, किती हळू सुरू, किती हळू बंद. कंपनीनं घातलेले आकडे बघून हसू आलं. पाय थांबले की मोटर खाडकन बंद! हे काय काम झालं? आमच्या धंद्यात असं चालत नाही. लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला कळताच कामा नये. मी नव्या पोरांची परीक्षा घ्यायचो ती लिफ्टच्या जमिनीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवून. थेंब सांडला तर पुन्हा कर.

तर मी मोटर अशी बसवली की हळूच सुरू होईल आणि पाय थांबल्यावरही दीडेक सेकंद अलगद ओसरत जाऊन मग थांबेल. लोण्यासारखं काम झालंय. उद्या ही बसणार! बसते म्हणाली!

१६ नोव्हेंबर, रविवार

पडली.

पहिल्याच वळणावर. मी मागून चालत येत होतो, डोळ्यांनी पाहिलं. चढ लागला, सायकल सुरेख निघाली, ही मागं वळून हसलीसुद्धा. वळण आलं, हिनं पाय थांबवले. सायकल थांबली नाही. तशीच रेटत राहिली, सरळ, रस्त्याकडेच्या खडीत.

मी किती पळालो ते आठवत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डावं मनगट मुरगळलं. हाड शाबूत. पट्टा बारा दिवस. जेवलो नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कळलं. माझंच अवलक्षण!

वळणावर हिनं ब्रेक दाबलाच नव्हता. सकाळी विचारलं, का नाही दाबलास? माझ्याकडे बघत राहिली. "चढावर ब्रेक कोण दाबतं? पाय थांबवले की सायकल आपोआप थांबते." हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं म्हणे. आणि मी ते दीड सेकंद घालून ठेवलेले, प्रेमानं! लिफ्टमध्ये ती कारागिरी. सायकलवर तोच खड्डा.

मग म्हणाली, "तुम्ही एकदा स्वतः बसून बघायचं होतं..." आणि एकदम गप्प झाली. तोंड फिरवलं. रागच आला असणार.

आता इथं खरं लिहितो. मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. लहानपणी एकदा गटारात पडलो, पोरं फिदीफिदी हसली, मी कानाला खडा लावला. लग्नात हिची सायकल पाहिली आणि सांगून टाकलं, माझी पाठ दुखते, म्हणून मी चालवत नाही. नाचता येईना, अंगण वाकडं! एकतीस वर्षं ती पाठ दुखतेय. एवढ्या वर्षांत मी डोंगरावर एकदाही गेलो नाही. वर काय दिसतं ते मला हिच्या तोंडूनच ठाऊक.

मला चालवता येत असती तर ही पडली नसती. लाज वाटते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मोटर काढायला बसलो होतो. पहिला नट सैल केला. ही पट्टा बांधलेला हात घेऊन समोर येऊन उभी.

"काय चाललंय?"

"काढतोय. भाच्याला साधी सायकलच देऊ."

"मला विचारलंत?"

"पुन्हा पडलीस तर—"

"तेवीस वर्षांत नऊ वेळा पडलेय मी. ते मी तुम्हाला सांगितलं नाही एवढंच. घट्ट करा तो नट."

नऊ वेळा! मी रविवारी निवांत पेपर वाचत होतो आणि ही तिकडं! घट्ट केला नट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज हिनं शिकवलं, मी ऐकलं. हे लिहायला जड जातंय, पण तसंच झालं.

सायकल उलटी. ही स्टुलावर, उजव्या हातानं पॅडल फिरवतेय. मी कॉम्प्युटरवर. "थांबवलं. अजून ढकलतेय. अजून. हं, थोडं. आणखी कमी." ओसरण्याचा वेळ शून्यावर आणला, कंपनीनं दिला होता त्याहूनही कमी. गिअर बदलताना मोटरनं क्षणभर दम धरायला हवा, नाहीतर साखळी तुटते, हेही तिनंच सांगितलं. त्यासाठी आणखी एक छोटी कळ जोडली. सुरुवातीचा हळूपणा मात्र ठेवायला लावला. "तो छान आहे. पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं वाटतं." एक आकडा तरी माझा राहिला!

चार तास गेले. मध्ये दोनदा भांडलो. एकदा ती इतकी हसली की खोकला आला, मी घाबरलो, तर हातानंच खूण केली, काही नाही, चालू ठेवा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पट्टा चार दिवस आधीच काढला. कुणाचं ऐकते का! सपाटीवर दोन किलोमीटर. पाय थांबले, मोटर थांबली. जागच्या जागी. मी रस्त्याकडेला उभं राहून दर वेळी मोजत होतो. ताकही फुंकून पितोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिलं वळण पार. दोनदा. नाडी अठ्ठ्याण्णव. उद्या वर जाते म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोचली! पोचली!!

साडेसहाला निघाली. मी फाटकाशी. "तुम्ही आत जा, असे उभे राहू नका," म्हणाली. गेलो नाही. सव्वासातला पाय दुखायला लागले तेव्हा पायरीवर बसलो. साडेसातला फोन.

आधी नुसता श्वास. मग म्हणाली, "तुमची लिफ्ट पोचली हो वर."

नाडी किती, एवढंच विचारलं. "एकशे नऊ. आणि आपल्या गच्चीवर तुमचा तो फाटका बनियन वाळतोय, तो इथूनसुद्धा दिसतोय. टाका तो." सात किलोमीटरवरून बनियन कसला दिसतो! पण मी धावत जाऊन काढून आलो.

खाली आली ती लालबुंद. चिखल पिंढऱ्यांपर्यंत. आणि बडबड! कुठल्या वळणावर कुठलं झाड पाडलं, बाकाची एक फळी कशी गेली, टाकीला कुणी निळा रंग दिला. मी पोळी हातात धरून ऐकत बसलो, जेवायचं राहिलं. मध्येच भाच्याला फोन लावला तिनं. "अरे, उद्या येऊ नकोस. सायकल रिकामी नाही."

जावयांना मी स्वतः फोन केला. नऊ मिनिटं बोललो. तयार सायकल, म्हणे! त्यांनी शेवटी "मान गया बाबा" म्हटल्यावरच ठेवला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडेही जाऊन आलो. तो खाली बसून मोटर, नट, वायरी सगळं बघत राहिला. "उलटे आटे सोडले तर तुमच्या हातात दोष नाही, काका." एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला अडतीस वर्षांत मिळालं नाही. उलट्या आट्यांचं मात्र तो मरेपर्यंत ऐकवणार.

आज मी फार मोठा माणूस आहे. लिहायला लाज कसली? आहे!

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठलो तर सायकल अंगणात. सीट चार बोटं वर केलेली. मी हात लावला नव्हता.

"कुणासाठी गं?"

"तुमच्यासाठी. वर फार छान आहे, पण एकटीनं किती वर्षं बघायचं?"

म्हटलं, अगं, माझी पाठ—

"पाठ राहू द्या. लग्नाला पंधरा दिवस झाले तेव्हाच सासूबाईंनी गटाराची गोष्ट सांगितली होती. तुम्ही स्वतः कधी सांगताय याची वाट बघत होते."

एकतीस वर्षं!

मैदान साडेसातपर्यंत रिकामं असतं. निघतोय. मोटर बंद ठेवायची, पहिल्या दिवशी नुसते पाय, असा तिचा हुकूम आहे.