पिवळ्या राणीचा उलटा झगा

ता. ४, सोम.
नात सायली एम.ए. करती म्हणे, आन दिवसभर फासे टाकून सोंगांचा खेळ खेळती. हॉलमध्ये पोरंपोरी, कोण जादूगार, कोण राक्षस. चहा मी करायचा. आता सा.नं खेळात पूर्वेचा देश काढलाय. जपान, चीन, कोरिया सगळं एका पातेल्यात. मिसळीलासुद्धा काही पद्धत असती. तिथल्या लोकांचं नाव काय, तर 'पिवळे'!
म्हणलं, "उद्या कोणी आपल्याला 'घाटी' म्हणून छापलं तर?"
"आजी, फँटसी आहे गं."

ता. ६, बुध.
वरच्या खोलीतली केइको खाली आली. जपानची, इथं क्लासात जपानी शिकवती. सा.नं चित्र दाखवलं. पिवळ्या राणीला केइकोचंच तोंड काढलंय, सरप्राइज. पोरगी हसली, "छान आहे" म्हणली, चहा तसाच ठेवून वर गेली. सा. खूश. डोळे हायेत का बटणं.

ता. ७, गुरु.
केइकोला जिन्यात गाठलं. "रागावलीस?"
"नाही, आजी."
मी जिन्यातून हललेच नाय. मग ती हळूच म्हणली, "राणीच्या झग्याची उजवी बाजू डावीवर आहे. आमच्याकडे तसं मेलेल्या माणसाला नेसवतात."
म्हंजे जित्या माणसाच्या फोटोला हार घातला आमच्या बाईनं.
"मग सांग की तिला."
"तिने प्रेमाने काढलं आहे."
कपाळ.

ता. ८, शुक्र.
सा.ला सांगितलं. फणकारली. "तिनंच का नाही सांगितलं?"
"पाव्हणा भाजी खारट म्हणतो का? ताटात काय उरलं ते बघायचं असतं."
मग म्हणे, झगा बदलते, पण 'पिवळे' राहू दे, सगळ्यांना सवय झालीय. सवय! डोकं फिरलं. जेवले नाय धड.

ता. ९, शनि.
सकाळी वर थालीपिठं दिली. केइको डबा कधी रिकामा परत देत नाय, आपल्यासारखंच. काय नाय तर दोन बिस्किटं तरी. आज डबा धुवून, पुसून, रिकामा. दाराशी ठेवून गेली, बेलपण नाय.
सा.नं झाकण काढलं, लावलं, परत काढलं. मग कागद घेऊन बसली. 'पिवळे' खोडलं. नवीन नाव सुचेना.
"तुला कशाला सुचायला पाहिजे? जिचा देश तिला विचार. आन आधी माफी माग."
"ती परत 'छान' म्हणाली तर?"
म्हणलं, भांडी घास.

ता. १०, रवि.
पोरं जमलीत. खेळ मांडला नाय. सा. वर गेलीय, डब्यात दिंडोरीची द्राक्षं, हातात चित्र, खोडरबर. चहा दोनदा गरम केला, पार काढा झाला. वरनं बोलणं ऐकू येतंय, शब्द कळत नायत. आत्ता केइको हसली.
पोरं म्हणली, "आजी, झालं वाटतं!"
काय झालं? बुधवारी पण हसलीच होती.
डबा खाली येऊ दे.