काठाच्या ओळी

प्रिय धाकटे,

भावजींशी भांडून तू माहेरी गेलीस, पण त्या भांडणाचं मूळ मी आहे.

यंदा कपाशीचं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघते. भावजी सगळ्या मजुरांदेखत तुला म्हणाले, "फवारणीला उशीर केलास ना? आता कापसाऐवजी अळ्या वेच!" तू मान खाली घातलीस. मी शेजारीच उभी होते आणि गप्प राहिले.

दोष फवारणीचा नव्हता. बीटी बियाण्याबरोबर साध्या कपाशीची वेगळी पुडी येते. ती शेताच्या काठाने लावायची असते. काठावर साधं झाड खायला मिळालं की अळ्यांना बीटी झाडातलं विष पचवायची सवय लवकर लागत नाही. दरवर्षी तू विचारायचीस, "ताई, ही पुडी लावायची ना?" आणि दरवर्षी मी म्हणायचे, "अळ्यांना जेवायला बोलावतेस की काय? त्या ओळींतही बीटीच लाव, तेवढाच कापूस जास्त निघेल." कॉलेजात शेतीशास्त्र शिकलेली जाऊ म्हणून तू ऐकलंस. शेजारच्या शेतांवरही माझंच ऐकलं गेलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू ते वाचशील, "असू द्या हो ताई" म्हणशील आणि कुणाला दाखवणार नाहीस. माझी सोय होईल, तुझ्यावरचा ठपका तसाच राहील. भावजी अंगणात फवारणीचा पंप धुताहेत. आधी त्यांना सांगते. मग ज्यांच्यादेखत ते तुला बोलले, त्यांच्यादेखतही सांगते.

तुझी,
थोरली जाऊ