वाढलेल्या बांगड्या

सोमवार, २ फेब्रुवारी
दुरुस्ती. शनिवारी मी लिहिलं होतं की आमच्या ॲपमुळे नवी पेठेतल्या शांतम्माकाकूंच्या दुकानात एका दिवसात दोन डझन बांगड्या वाढल्या. ते चूक. बांगडीच्या धंद्यात 'वाढली' म्हणजे फुटली. 'फुटली' म्हणणं अशुभ. काकूंच्या मुलाखतीत ऐकलेला शब्द मी जसाच्या तसा बटणावर घातला होता. हिरवा रंग, वर जाणारा बाण. दाबलं की स्टॉक वाढतो आणि 'अभिनंदन!' येतं.
काकूंचा फोन आला. म्हणाल्या, बांगड्या माझ्या वाढल्या आन् तुझं ॲप टाळ्या वाजवतंय व्हय गं?
वडिलांनी, आप्पांनी, मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. एका शब्दाला एकच अर्थ, हा त्यांचा नियम. तेव्हा चूक माझी नाही, शब्दाची आहे.
शनिवारी, १४ला, कॉलेजात माझं भाषण आहे. 'यूएक्स डिझायनरला धंद्याचं ज्ञान लागतं का?' उत्तर : नाही. स्लाइड तयार. बदल नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी, दुपार
परवाच बटण बदललं. आता सरळ 'फुटल्या'. लाल. अजून एकदाही दाबलं गेलेलं नाही. आमच्या कंपनीच्या ऋतुराज सरांना मेल केली : ॲपमुळे फूट पूर्ण थांबली. सर खूश. १३ला काकू निर्णय देणार. ॲप ठेवलं तर मी पर्मनंट. नाही ठेवलं तर सर 'बघू' म्हणाले. सरांचं 'बघू' मला माहीत आहे.

संध्याकाळ
दुकानात जाऊन आले. काउंटरखाली तुकड्यांनी भरलेलं घमेलं. काकू म्हणाल्या, काचेच्या दुकानात बसून मी ह्यो शब्द दाबू? तूच दाब की.
सरांना दुरुस्तीची मेल लिहिली. ड्राफ्टमध्ये आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
'दुकान बंद' हेही बटण काकू दाबत नाहीत. ॲपमध्ये दुकान तीन दिवस अखंड उघडं. म्हणाल्या, बंद पडू दे वैऱ्याचं. आमी रात्री दुकान वाढवतो.
या वेळी मी अर्थ विचारून घेतला. नवं बटण : 'दुकान वाढवा'. यालाच यूजर रिसर्च म्हणतात.

सोमवार, ९ फेब्रुवारी
काकूंची नवी सून पायल, नातेपुत्याची. तिनं सकाळी अकराला 'दुकान वाढवा' दाबलं. तिला वाटलं, धंदा वाढेल. ॲपमध्ये गिऱ्हाइकांना दुकान बंद दिसलं. मंद्रूपच्या लग्नघरानं सगळा हिरवा चुडा समोरच्या दुकानातून घेतला. काकू सुनेला बोलल्या, पण माझ्याकडे बघून.
पायलला धंद्याचं ज्ञान नाही. म्हणजे ते यूजरला लागतं, डिझायनरला नाही. ही स्लाइड सर्वात वर घातली.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी
काकू स्वतः ऑफिसात आल्या. सरांना म्हणाल्या, ॲप ऱ्हाऊ द्या बाजूला. पोरगी आठ दिवस माझ्याकडं बसवा. एका नवरीचे दोन्ही हात भरून दाखवू दे, एकबी वाढू न देता. मग ॲप ठेवते. सर म्हणाले, डन. मला कुणी विचारलं नाही.
अवघड वाटत नाही. हात म्हणजे शेवटी इंटरफेसच.
घरी आईच्या हातावर सराव केला. नऊ वाढल्या. दहावीला आई म्हणाली, जा बाई, भाषणच दे तू, माझा हात सोड.
तिच्या मनगटाला पट्टी बांधून दिली. भाषण पुढे ढकलावं म्हणून कॉलेजला कळवलं. कारण लिहिलं, 'प्रकृती'. कुणाची ते त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे हे खोटं नाही.
सरांना लिहिलेली ती दुरुस्तीची मेलही अजून ड्राफ्टमध्येच आहे. ती पाठवून, सोमवारी, १६ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता काकूंच्या दुकानात जाऊन बसणार.