मामांची जीप आणि माझं ट्यूनिंग

३ मार्च, सोमवार. सकाळी ११.

आजपासून रोजनिशी. मोठे मेकॅनिक लॉगबुक ठेवतात, असं व्हिडिओत सांगितलंय.

काल पेडण्याहून कारापूरला मामांकडे आलो. जयराममामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सव्वीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवर साहेबांची जीप चालवली. खाण बंद पडली तेव्हा तीच जीप लिलावात घेऊन घरी आले. पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, वय माझ्या दुप्पट.

मामांचं लायसन ३१ मार्चला संपतं. परत काढणार नाही, असा मुलीला शब्द दिलाय. त्याआधी एकदा गंगामामीला शेजारी बसवून सुर्ल्याच्या गेटापर्यंत जायचं, एवढंच त्यांचं मागणं. मामीने 'गेट, गेट' सव्वीस वर्षं ऐकलंय, बघितलेलं नाही. पण मामांच्या कंबरेला पट्टा. पंचवीस तारखेनंतर चालवता येईल, वाकता येणार नाही. बॉनेटखाली वाकायला माणूस हवा होता. मी घरी मोकळाच होतो, म्हणजे दोन संधींच्या मधे होतो.

मामा म्हणाले, "गाडी चालता रे. सकाळची फक्त खोकता. प्लग पूस, तेल बघ, बास."

प्लग पुसणं माझ्या लेव्हलचं काम नाही. मी आयटीआयला चार महिने होतो. शिवाय हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकवर कामाला असताना एका फिरंग्याने मला हॉट रॉडचे व्हिडिओ दाखवलेत. जुनी गाडी, आत वाघ. मामांना खोकला नको, डरकाळी देणार.

३ मार्च. संध्याकाळी ६.

इंजिन रॉकेलने धुतलं. चकाचक. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला लाल डाग होता. दसऱ्याला गाडी पुजतात तेव्हाचं कुंकू. निघेना. भाजी कापायच्या सुरीने खरवडून काढलं. इतकं घट्ट कुंकू कुठे पाहिलं नाही. मामीची श्रद्धा मोठी.

५ मार्च, बुधवार.

आज टायमिंग. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो हाताने फिरवायचा, म्हणजे ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. ज्याचा कान तयार आहे त्याला लाइट-बिइट लागत नाही. माझा कान तयार आहे. शाळेत तबला शिकायला मी सहा दिवस जात होतो.

फिरवला. इंजिन आधी खोकत होतं, आता भुंकतं. प्रगती आहे.

शेजारचा गौरेश ट्रॅक्टर घेऊन चालला होता. थांबला. म्हणाला, "ओढून नेऊया काय रे? दोरी आसा." काही लोकांना टेक्निकल कामातलं काही कळत नाही.

८ मार्च, शनिवार.

साखळीला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवर सेजल म्हणून मुलगी. दुकान वडिलांचं, डोकं तिचं. मी तिला जीपची कंडिशन समजावली. ती दहा मिनिटं बोलली नाही. इम्प्रेस झाली असावी.

मग विचारलं, "जुनी गाडी आहे, टायमिंगची खूण कुणीतरी करून ठेवलेली असेल. बघितली का?"

मी म्हटलं, प्रोफेशनल माणूस खुणेवर चालत नाही.

ती म्हणाली, "मग कशावर चालतो?"

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. दुकानाचा नंबर तिने सांगितला, मी रोजनिशीच्या पहिल्याच पानामागे लिहून घेतला.

वाटेत विचार केला. लाल डागाचा आणि खुणेचा काही संबंध नसणार. कुंकू ते कुंकूच.

१२ मार्च, बुधवार. दुपार.

दोष टायमिंगचा नाहीच. कार्बोरेटर. मामीच्या सुपात घेऊन पूर्ण खोलला. एकूण एकतीस तुकडे. परत जोडले. अठ्ठावीस लागले. तीन जास्तीचे होते. कंपन्या उगाच घालतात.

प्लगच्या वायरीही काढून पुसल्या. चारही काळ्या, चेहऱ्याने ओळखता येत नाहीत. एक, दोन, तीन, चार अशा शिस्तीत लावल्या.

सेल्फ मारला. कार्बोरेटरच्या तोंडातून ज्वाळा आणि असा बार, की गौरेशच्या घरी सगळे बाहेर आले. त्यांना वाटलं कुणाकडे वरात आली. त्याच्या गायीने संध्याकाळी दूध दिलं नाही. त्याचं खापरही माझ्यावर.

मामा पडवीतून म्हणाले, "पूर्वी असो आवाज करत नसली."

मी म्हटलं, पॉवर बाहेर पडतेय.

"ती आतच रवांदे रे," मामी म्हणाली.

१३ मार्च, गुरुवार.

इंजिनला विश्रांती. शिगम्याच्या सणाला दोन दिवस पेडण्याला जाऊन येतो. डोकं थंड झालं की सोल्यूशन सुचतं. पंचवीसला अजून पुष्कळ वेळ.

२४ मार्च, सोमवार.

आज परत. दोन दिवसांचे अकरा झाले, त्यात माझा दोष नाही. रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल वाजवायला माणूस कमी होता. मग एकाने वाळपईला जुनी बुलेट बघायला नेलं. मग ती बघितली नाहीच, कारण वाटेत नदी लागली.

इथे मामीने जीपवर चादर घातली होती. आजारी माणसासारखी.

संकल्प: उद्यापासून रोज सहाला उठणे.

२५ मार्च, मंगळवार. साडेदहा.

उठलो.

डॉक्टरांनी मामांना सीटवर बसायची परवानगी दिली. मामी नवी हिरवी साडी नेसून आली. मामा स्टिअरिंगवर, खिशात लायसन. मी बॉनेटखाली. सेल्फ मारला. बार, बार, मग शांतता. असं बारा वेळा.

मामी आत गेली. साडी बदलून आली आणि भांडी घासायला बसली. मला वाटतं तिला भांड्यांची घाई होती.

२८ मार्च, शुक्रवार.

सेजलला इंजिनचा आणि उरलेल्या तीन तुकड्यांचा फोटो पाठवला. सहज, टेक्निकल चर्चा म्हणून. तिचं उत्तर: वायरींचा क्रम एक, तीन, चार, दोन. आणि पुढे, 'कार्बोरेटर आणि त्याचे उरलेले तुकडे घेऊन या. फेकू नका.'

गेलो. तिने काउंटरवरच तिन्ही बसवले. सात मिनिटं लागली. मला आयत्या वेळी चष्मा सापडला नव्हता म्हणून तेव्हा त्यांची जागा दिसली नाही. चष्मा मी वापरत नाही, पण लागला असावा.

वायरी तिच्या क्रमाने लावल्या, आता बार बंद. फक्त सुरू होत नाही. म्हणजे नव्वद टक्के काम झालं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

आज जायचं ठरलेलं. गुढी उभारली, मामीने तीच साडी परत नेसली. जीपला हार. गौरेश फाटकाशी येऊन उभा.

इंजिन धापा टाकतं, धरत नाही. मामांनी सीटवरून सांगितलं, "टायमिंग हाललां. डिस्ट्रिब्युटराच्या बुडाक लाल ठिपको आसा. आमच्या चेडवाच्या, तुझ्या ताईच्या, लग्नात नेलपॉलिश उरलेलं, त्याचो लावलेलो. तो इंजिनावरच्या रेघेर आण, झालां."

मी बराच वेळ बॉनेटखाली राहिलो. तिथे सावली होती.

मग म्हटलं, दिसत नाही, झिजला असेल.

मामा म्हणाले, "बारा वर्षांत झिजलो नाय, तो तुझ्या महिन्यात झिजलो?"

मामी म्हणाली, "तुम्ही कानाने सांगा, मी फिरवतंय." पण तोवर सेल्फ मारून मारून बॅटरी संपली होती. पाडवा, रविवार, चार्जिंगवाला बंद.

मामांनी खिशातून लायसन काढलं, बघितलं, परत ठेवलं.

३१ मार्च, सोमवार.

बॅटरी सकाळी चार्जिंगला टाकली. उद्या मिळेल म्हणाले. मी सांगितलं, आज पाहिजे. तो म्हणाला, इतके दिवस तुम्ही काय करत होता? लोकांना बोलायची पद्धत नाही.

दुपारी गौरेशने ट्रॅक्टर आणला. काही विचारलं नाही. दोरी बांधली.

मामा स्टिअरिंगवर, मामी शेजारी हिरव्या साडीत, मी मागे. साखळीच्या बाजारातून ट्रॅक्टरमागे गेलो. मामा प्रत्येक वळणावर हात बाहेर काढून सिग्नल देत होते. चढावर त्यांनी गियरही बदलला. इंजिन बंद असताना. सेजल दुकानाच्या पायरीवर होती. मी खाली वाकून काहीतरी तपासलं.

सुर्ल्याच्या गेटाला कुलूप. गवत छातीएवढं. मामी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हेंच?"

मामा म्हणाले, "हेंच गो."

मग त्यांनी हॉर्न दाबला. बॅटरी नव्हती, वाजला नाही. त्यांनी थोडा वेळ दाबून धरला.

नोंद: जीपने जाऊन येऊन सगळं अंतर एकाही बिघाडाशिवाय कापलं. पेट्रोल खर्च शून्य.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.

इंजिनच्या आवाजाने जाग आली. खोकला नाही, भुंकणं नाही. शिवणयंत्रासारखं.

बाहेर गेलो. बॅटरी आली होती. मामा सीटवर डोळे मिटून, मामी बॉनेटखाली डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवत. मामा म्हणत होते, "आणि इल्लें. आणि इल्लें. थांब." सगळं मिळून चहाला लागतो तेवढा वेळ.

मामांनी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं. फाटक उघडं होतं. मग चावी फिरवून बंद केलं आणि उतरले.

मामीने नेलपॉलिशची बाटली आणली, नवा ठिपका लावला. मामांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तो तू पुसलेलो?"

मी म्हटलं, मी कुंकू पुसलेलं.

मामांनी चावी पुढे केली. मला वाटलं मला देतायत. मी हात पुढे केला. ते बाजूने गेले आणि चावी देवघरात ठेवून आले.

१ एप्रिल. दुपारी १. बसमध्ये.

स्टॅंडवर गौरेशने ट्रॅक्टरवरून सोडलं. मडगार्डवर बसून आलो.

पहिलं पान काढून बघितलं. 'लाल डाग' असं माझ्याच अक्षरात आहे. फाडणार होतो. मागे सेजलच्या दुकानाचा नंबर आहे, म्हणून राहू दिलं.

संकल्प: गाड्या पुरे. छोट्या मशीनवर लक्ष द्यायचं. आईचा मिक्सर फार आवाज करतो, तिला मेसेज टाकला की आल्या आल्या खोलतो.

१ एप्रिल. १.२०.

आईचं उत्तर आलं. मिक्सर शेजाऱ्यांकडे ठेवायला दिलाय.