मॉरिसचा बोनट

३ फेब्रुवारी, सोमवार

आज देऊळघाटले पोहोचलो. वणीहून एसटी बदलता बदलता अख्खा दिवस गेला, पण मन खुश आहे. चार वर्षांत हे पाचवं गॅरेज. माह्या पायाले भिंगरी आहे म्हणते आई. पण इथलं काम न्यारं. शालिग्राम मिस्त्री जुन्या मोटारींचे कुठंच न भेटणारे पत्रे हातानं घडवतात. माह्या वाट्याले मॉरिस आली, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची, अन् बोनटच नाही. मालक वामनराव अकोल्याचे. दोन वर्षं भंगारबाजार पालथे घातले, बोनट भेटला नाही.

मिस्त्रीनं माहे हात उलटेपालटे करून पाह्यले. म्हणे, सहावीत शाळा सोडली ते बरं केलं बे, पेन धरून खराब झाले असते. हसलो. खरंच आहे, हातांशिवाय माह्याजवळ दुसरं काय आहे?

मिस्त्री उकळत्या चहाचा गिलास मुठीत धरून पितात. चटका नाही लागत काय विचारलं, तर म्हणे सवय.

६ फेब्रुवारी

पुठ्ठ्याच्या साच्यावरून पत्रा कापला. वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकून राह्यलो. मिस्त्री म्हणे टेप फेकून दे. डोळे मीट, तळहात फिरव, जिथं हात अडखळते तिथं ठोक. हातमोजे घातले तर म्हणे, नवरीले पण मोजे घालूनच हात लावशील काय? मग दिवसभर उघड्या तळव्यानं पत्रा चोळला. बोनटाच्या नाकाशी गोलाई अशी आली की मीच पाहत राह्यलो.

९ फेब्रुवारी

सकाळी आंघोळीचं पाणी गरम का थंड, समजेना. दोन्ही हात बादलीत, अन् काहीच नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरनं तळहातात सुई टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. ठोकून ठोकून होते म्हणे, आराम कर. बोटं हलतात, जोर आहे, फक्त लागत नाही. अन् हाताले लागलंच नाही तर पत्रा कसा समजणार? मग मी कोणत्या कामाचा?

११ फेब्रुवारी

बोनट बसला. केसाएवढी फट नाही. मी दहा पावलांवर बाकावर बसलो होतो. तळहातावर काहीतरी तुरूतुरू चाललं. पाह्यलं, हातावर काही नव्हतं.

बोनटावर चिमणी होती.

१२ फेब्रुवारी

पाठ करून उभा राह्यलो, मिस्त्रीले म्हटलं बोनटावर कुठंही बोट ठेवा. डाव्या कोपऱ्यात ठेवलं, मी सांगतलं. मधात ठेवलं, सांगतलं. मिस्त्री हसले नाहीत. खाली बसले. म्हणे, माहा मडगार्ड होता. एकोणनव्वदले विकला, आता कुठं आहे माहीत नाही, पण तिकडं आत्ता पाऊस पडून राह्यला.

विचारलं, मले आधी काऊन नाही सांगतलं? म्हणे, सांगतलं असतं तर तू मन लावून चोळलं असतं काय बे? मले तरी कोणी सांगतलं होतं?

आमच्या घरी भूतखेत मानत नाहीत. आई फोनवर म्हणाली, रक्त तपास अन् घरी ये. येईन. पण हात इथं —

१३ फेब्रुवारी

बोनट खोलून घेऊन पळायचं ठरवलं. पाना लावला, बोल्ट फिरवला. बोटं मुळापासून पिळली. ओरडलो. पाना पडला. पुन्हा लावायची हिंमत नाही.

१४ फेब्रुवारी

मॉरिस न्यायले ट्रक आला. वामनरावले म्हटलं हा बोनट मले द्या, दुसरा घडवून देतो. त्यांनी पाठीवर थाप मारली. कारागिराचा जीव अडकतेच म्हणे.

ट्रक बोथ्याच्या घाटात असेल. दोन्ही तळहात गार पडले —

१६ फेब्रुवारी

दोन दिवस झाले, सकाळी तिकडं कोणीतरी फडकं मारते. हळू. बरं वाटते. एवढंच असेल तर जगता येईल.

१८ फेब्रुवारी

बोटं पिळून निघाली. चारही बोल्ट खोलले. काऊन? आता गार फरशी लागते —

१९ फेब्रुवारी

वामनरावचा फोन. लय खुश. इंदूरच्या भंगारात अस्सल बोनट भेटला. म्हणे तुही मेहनत वाया नाही जाऊ देत, मोटारीचा तळ सडला, त्याले थिगळं मारायले तुहा पत्रा कापतो. म्हटलं नका कापू, मी निघालो, पाया पडतो — ते हसले. फोन ठेवला. आता उचलत नाहीत.

मिस्त्रीनं माहे हात धरले. धरलेले समजत नाही.

खडूची रेघ. अंगठ्यापासून — मधातून — करंगळीपर्यंत —

पुन्हा लावला. रिंग जाते —

हादरून राह्यलं. ग्राइंडर. अजून टेकवला ना—