सॅम्युअलबाबांना म्हटलेलं नाव

५ मार्च, गुरुवार
नऊ दिवस वहीला हात लावला नाही. उशीर झाला, चूक माझी. गावच्या शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, दोन ओळी का होईना पण रोज लिहायचं. कापसाच्या जिनिंगात नोकरी केली, पोरांची लग्नं केली, घरात मयत झाली, कधी खाडा पडू दिला नाही. आणि इथे ट्रलीला, या आयरिश गावात, लेकीच्या घरी आयतं जेवत बसलोय तर खाडा. कारण एवढंच की लिहिलं की ते पक्कं होईल असं वाटत होतं. पण न लिहूनही पक्कंच आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी. मी आणि सॅम्युअलबाबा. ते नायजेरियाचे. त्यांची मुलगी ग्रेस ही माझ्या लेकीच्या, वर्षाच्या हॉस्पिटलात नर्स. दोघंही म्हातारे, दोघंही लेकीकडे आलेले. दुपारी बागेतल्या एका बाकावर भेटतो. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात. म्हणून ते मला बाबा आणि मी त्यांना बाबा. माझं इंग्रजी मोडकं, तरी दोन महिने गप्पा अडल्या नाहीत. ते तिकडे शाळेत सुतारकाम शिकवायचे. बाकाच्या फळीवर अंगठा फिरवतात आणि मान हलवतात, म्हणजे काम कच्चं.

त्या दिवशी केळी आणायला दुकानात गेलो. दोघांच्या हातात कापडी पिशव्या. निघताना दारातल्या गणवेशवाल्याने त्यांना थांबवलं. पिशवी दाखवा. फक्त त्यांना. त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवली. चष्म्याचं घर, नातीचा एक मोजा, केळी, पावती. परत नीट भरली. त्या माणसाला थँक यू म्हणाले. चेहऱ्यावर रागाची रेघ नाही.

मला भरून आलं. बाहेर आल्यावर त्यांचा हात धरला आणि म्हणालो, बाबा, यू आर सेम लाइक. आणि पुढे त्या अमेरिकन पुस्तकातल्या म्हाताऱ्या गुलामाचं नाव, ज्याच्या कोठडीवरून पुस्तकाला नाव पडलं. त्याच्या नावाआधी लोक काका लावतात तसं लावून. मी आयुष्यात ते नाव फक्त माझ्या बापासाठी वापरलंय. यापेक्षा मोठं माझ्याजवळ काही नाही.

त्यांनी हात सावकाश सोडवून घेतला. "यू टू?" म्हणाले. कोटाचं वरचं बटण लावलं आणि गेले.

तेव्हापासून बाकावर आले नाहीत.

६ मार्च, शुक्रवार
दुपारी दीड तास बसलो. पाऊस बारीक. आले नाहीत. घरी येताना शंका आली की इमर्शन, म्हणजे पाणी तापवायचं ते बटण, चालू राहिलं. धावत आलो. बंद होतं.

इराला सांगितलं. नात, पंधरा वर्षांची, मराठी सगळं कळतं, बोलते इथलं इंग्रजी मिसळून. ऐकून हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

"आजोबा. नो. तुम्ही हे त्यांना तोंडावर म्हणालात?"

मग सांगितलं. काळ्या माणसाला ते नाव घेऊन बोलणं म्हणजे शिवी. गोऱ्यांपुढे वाकणारा, लाचार, आपल्याच माणसांना विसरलेला. मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, एव्हरीवन नोज. मला नव्हतं माहीत. एक्क्याहत्तर वर्षं कुणी सांगितलं नाही.

त्यांनी नुकतीच पिशवी उघडून दाखवली होती. आणि लगेच मी.

पुस्तकातल्या त्या म्हाताऱ्याचं नाव या वहीत लिहीत नाही. एकदा तोंडातून गेलं तेवढं पुरे.

७ मार्च, शनिवार
झोप नाही. गोळी घेतली का नाही आठवेना, पाकीट मोजलं, घेतली होती. वर्षाला सांगितलं नाही. ती आणि ग्रेस एकाच वॉर्डात. उद्या ग्रेसने तिथे काही बोलून दाखवलं तर? लेकीने इथे नाव कमावलंय आणि बापाने दोन महिन्यांत.

९ मार्च, सोमवार
इराने लायब्ररीतून ते मूळ इंग्रजी पुस्तक आणलं. जाडजूड. मी म्हटलं, आमचं एवढंसं होतं, पुठ्ठा नव्हता, पहिली पानंही नव्हती. मराठीत कुणी केलं होतं तेही माहीत नाही. गुरुजी वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ते वाचून दाखवायचे. समोर सगळे कापूस वेचून आलेले. बायांच्या बोटांना बोंडाच्या चिरा. पुस्तकातही कापसाचंच रान. माझी आई म्हणायची, तिकडेही कापूसच का.

इरा म्हणाली, "पण तो माणूस उलट मारत नाही ना. ही जस्ट टेक्स इट."

मी म्हटलं, अगं, पळून गेलेल्या दोन बाया कुठे आहेत ते त्याला माहीत असतं. मालक मरेस्तोवर मारतो. तो सांगत नाही. याला तू वाकणं म्हणतेस?

तिने पुस्तक पुढ्यात ओढलं. मग पानं उलटून एक जागा काढली आणि मराठीत सांगायला लागली, अडखळत. लिहिणारी बाई स्वतःच म्हणते की हे लोक लहान मुलांसारखे भोळे, जात्याच नम्र. कळवळ्याने म्हणते, पण म्हणते.

हे आमच्या पुस्तकात नव्हतं. की होतं आणि गुरुजी वाचताना गाळायचे? मधेच दोन पानं एकदम उलटायचे, ते आठवतं. मला वाटायचं चिकटलीत.

१२ मार्च, गुरुवार
वर्षाला कळलं. ग्रेस एवढंच म्हणाली होती की डॅडी हल्ली घराबाहेर पडत नाहीत, तुझ्या बाबांशी काही झालं का. वर्षा ड्यूटीवरून आली ती कोट न काढताच माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल.

"बाबा, नावाचं राहू द्या. त्यांची पिशवी बघत होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

उभा होतो, म्हटलं.

"तुमची बघितली?"

नाही.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

इंग्रजी येत नाही, म्हटलं. ती म्हणाली, "बाजारात भाव करता तेव्हा येतं."

मग उठून मला चहा करून दिला. आलं घातलं. पाठीवर हात ठेवून गेली. ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

खरं लिहितो. तो माणूस त्यांची पिशवी बघत होता तेव्हा मी माझी पिशवी मागे धरली होती. चोरी केली नव्हती. तरी मागे धरली.

१७ मार्च, मंगळवार
इथल्या संताचा सण. रस्त्याने मिरवणूक, सगळं हिरवं. इरा कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या टीमबरोबर स्टिक घेऊन चालली. मी आणि जावई मिलिंद कडेला उभे. रस्त्याच्या पलीकडे सॅम्युअलबाबा दिसले. नातीला खांद्यावर घेतलं होतं. या वयात. मला पाहिलं त्यांनी, नक्की पाहिलं. मग नातीची टोपी सरळ करायला लागले. बराच वेळ सरळ करत होते.

मी एका बाबागाडीच्या मागे सरकलो.

मिलिंद म्हणाला, "बाबा, जाऊन भेटा ना सरळ." पण बँड चालू होता. मधे ट्रॅक्टर होते. जमलं नाही. जमलं असतं.

१९ मार्च, गुरुवार
पाडवा. काठी कुठून आणणार, वर्षाने इराची कॅमोगी स्टिक धुऊन तिलाच खण नेसवला, वर तांब्या. बुटकी गुढी, पण छान दिसली. कडुलिंब नव्हता, गोळी मिळते म्हणाली वर्षा, नको म्हटलं. शेजारचा आयरिश माणूस कुंपणावरून बघून गेला, "दॅट्स ग्रँड."

इराला बापाचं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. माझा बाप सालगडी होता. पाडव्याला मालकाच्या ओट्यावर जायचं आणि पुढच्या सालाला हो म्हणायचं. आजोबाही तिथेच, पणजोबाही. ज्या हिवाळ्यात ते पुस्तक वाचून झालं त्या पाडव्याला बाप मला घेऊन गेला. टोपी काढली, हात जोडले, मान खाली. म्हणाला, मालक, यंदा सालानं राहत नाही.

मालक म्हणाला, "काऊन बे? कोणं भरवलं तुले?"

"कोणं नाही. राहत नाही."

तीनदा विचारलं, तीनदा तेच. आवाज चढला नाही. मग आम्ही तालुक्याला गेलो. बाप जिनिंगात हमाल झाला, मी सातवी शिकलो, वर्षा डॉक्टर झाली. मरताना बापाच्या उशाशी ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक होतं. त्याला वाचता येत नव्हतं.

इरा जवळ सरकून बसली. मग म्हणाली, "तुमचे बाबा नाही म्हणाले, पोलाइटली. पण सॅम्युअल आजोबांना काय वाटत होतं हे तुम्हाला कसं माहीत? मे बी ते खूप चिडले असतील. आतून."

मी विचारलंच नाही. शांत दिसले म्हणून माझ्या पुस्तकात नेऊन बसवले. पुस्तक लिहिणाऱ्या बाईने जे केलं तेच मी केलं की काय. कळवळ्याने, पण.

२१ मार्च, शनिवार
दुकानात गेलो. इराला बरोबर घेतलं. रस्त्यात दोनदा म्हटलं परत जाऊ. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." परत नाही गेलो.

दारात तोच गणवेशवाला. मी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली, उघडली, सगळं बाहेर काढलं. चष्मा, रुमाल, गोळ्या. म्हटलं, प्लीज चेक.

तो हसला. "नो, नो, यू आर ग्रँड." म्हणजे काही गरज नाही.

म्हटलं, माय फ्रेंड, ब्लॅक मॅन, ओल्ड मॅन, यू चेक. मी, नो चेक. व्हाय?

मागे लोक थांबले. मग मॅनेजर बाई आल्या. पुढचं इराने सांभाळलं, इतक्या भरभर की मला अर्धं कळलं. तारीख, वेळ, दोघांच्या सारख्या पिशव्या, सगळं. मॅनेजर बाई सॉरी म्हणाल्या. मी म्हटलं, मला नको, त्यांना. बघते म्हणाल्या. काय बघणार देव जाणे. गणवेशवाल्याचं तोंड लाल झालं होतं. त्याची नोकरी जाईल का हीही काळजी आता.

वस्तू परत भरताना गोळ्या सांडल्या. त्यानेच वाकून उचलून दिल्या.

बाहेर इराने कोपर धरलं. "फेअर प्ले, आजोबा." हे इथे शाबासकीचं. मला शाबासकी वाटली नाही. पंचवीस दिवस उशीर.

२४ मार्च, मंगळवार
शनिवारी परतीचं विमान. आज पुरणपोळ्या घेऊन ग्रेसकडे गेलो. दारातच कळलं, सॅम्युअलबाबा नाहीत. रविवारीच मुलाकडे गेले, डब्लिनला, ब्लँचर्डस्टाउनमध्ये. महिनाभर तिथेच.

मी दारात उभाच. ग्रेसने आत बसवलं. मी सॉरी म्हणायला लागलो तर म्हणाली, थांबा अंकल. वडिलांनी तिला सांगितलंय सगळं. "तो दुकानातला माणूस मला ओळखत नाही, म्हणाले. हा तर रोज बाजूला बसतो. म्हणून."

म्हणून.

फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. ग्रेस म्हणाली, लिहून द्या, मी आजच पाठवते, भाऊ वाचून दाखवेल. पोळ्या ठेवून घेतल्या. एक तिथेच खाल्ली, तूप न लावता. मी सांगितलं तूप लाव.

२६ मार्च, गुरुवार
दोन दिवस खाडाखोड चालली होती. आज हे पक्कं. इरा इंग्रजीत करणार. तिला बजावलंय, गोड करू नकोस, आहे तसंच कर.

सॅम्युअलबाबा, नमस्कार.

मी तुम्हाला जे नाव दिलं ती तुमच्याकडे शिवी आहे हे मला माहीत नव्हतं. पण ते निमित्त झालं. माहीत असतं तरी त्या दिवशी मी गप्प उभा होतो ते होतोच. माझी पिशवी मी मागे धरली होती. ती मला पुढे करायची होती. गेल्या शनिवारी केली, पण तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात.

ते नाव माझ्या घरात आदराचं आहे. का आहे ते पुरं एक दुपार लागेल सांगायला. पण तुम्हाला ते नको असेल तर मी सांगणार नाही. आधी तुमचं ऐकायचं आहे. तो माणूस पिशवीत हात घालत होता तेव्हा तुमच्या मनात काय होतं? मी ते न विचारताच बोललो.

इरा सांगते की ते पुस्तक तुमच्या लोकांबद्दल सगळं नीट बोलत नाही. मला ते मानणं जड जातंय. माझा बाप त्यामुळे सुटला. दोन्ही खरं असेल का, हे तुम्हीच सांगू शकाल, माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही.

माझं विमान शनिवारी दुपारी डब्लिनहून आहे. मिलिंद म्हणतो, ब्लँचर्डस्टाउन वाटेतच पडतं, गाडी थोडी वळवली की झालं. आम्ही सकाळी लवकर निघू. तुम्ही नको म्हणालात तर वळवणार नाही, आणि वाईटही वाटून घेणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन.

रागाचं असेल तर रागाचं लिहा. ग्रेसच्या फोनवर एक शब्द टाकला तरी चालेल, या किंवा नको. उद्या संध्याकाळपर्यंत मी घरीच आहे, कुठे जाणार नाही. तेवढं लवकर कळवा.